सुमित नावाचं सातवं मशीन

हे घडलेलं आहे.

ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा भाचा. शेवटचं थोडंसं माझ्यावर गुदरलं. ज्याला पटणार नाही त्याने हसून सोडून द्यावं, माझी हरकत नाही. मी कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहून झांज धरणारा, ध्रुवपद उचलणारा माणूस. या वयात खोटी कथा रचून मला कोणता नारळ मिळणार आहे?

गेल्या मार्गशीर्षातला रविवार. ठाण्याला वागळे इस्टेटमधली एक जुनी इमारत, तिचा दुसरा मजला.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

भर दुपार होती. बाराचा सुमार.

आमच्या कोकणात जुनी माणसं म्हणायची, रात्रीइतकंच भर दुपारी जपावं. कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. आम्ही पोरं त्यावर हसायचो.

आता नाही हसत.

सुमित माझ्या धाकट्या बहिणीचा, शकूचा मुलगा. शकू गेली तेव्हा तो कॉलेजात होता. तिथून लग्न होईपर्यंत डोंबिवलीला माझ्याकडेच राहिला. आता ठाकुर्लीला राहतो. बायको प्रीती, मुलगी संचिता, पहिलीत. मुलगा गुणी, पण घरी सापडत नाही. शाळेत 'माझे बाबा' या विषयावर चार वाक्यं बोलायची होती, तेव्हा संचिताने उभं राहून सांगितलं, 'माझे बाबा फोनमध्ये राहतात.' सगळा वर्ग हसला. प्रीती हसली नाही.

त्या रविवारी सकाळी तो ऑफिसला निघाला, तेव्हा प्रीती दारात उभी राहून अगदी शांतपणे म्हणाली, "आज जेवायला घरी नसलास ना, तर मी हिला घेऊन आईकडे जाणार आहे. किती दिवसांसाठी ते विचारू नकोस."

ती आरडाओरडा करणारी बाई नाही. म्हणून तो घाबरला. बाराला निघतो, म्हणाला. शपथ घेतली.

आता त्याचं काम काय ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मोठ्या कंपन्यांची मोठी कॉम्प्युटरं असतात, सर्व्हर म्हणतात त्यांना. कुठेतरी लांब थंड खोलीत ठेवलेली. प्रत्येकाच्या पोटात एक छोटा वेगळा मेंदू बसवलेला असतो. सर्व्हर झोपला तरी हा जागा. घरबसल्या त्याला विचारायचं, मशीन चालू आहे का? तो सांगतो, आहे किंवा नाही. हुकूम द्यायचा, बंद कर. तो बंद करतो. या मेंदूला ती मुलं बीएमसी म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, महापालिकेने हे खातं कधी उघडलं? सुमित पोट धरून हसला.

"महापालिका नाही हो मामा. राखणदार समजा."

कोकणातल्या माणसाला राखणदार काय ते सांगावं लागत नाही.

तर नवीन पोरांना शिकवायचं असतं, आणि खऱ्या सर्व्हरवर कुणी हात साफ करू देत नाही. म्हणून सुमितच्या लॅबमध्ये खोटी मशीनं असतात. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात नुसती भासमान मशीनं. आणि प्रत्येकाला एकेक खोटा राखणदार. खोट्या घराचा खोटा राखणदार, पण विचारलं की उत्तर अगदी खऱ्यासारखं.

आधी हे सगळं हाताने उभं करावं लागायचं. सुमितने ते कोडमध्ये बसवलं. एक फाइल. तिच्यात लिहायचं, अमुक मशीनं हवीत, ही त्यांची नावं, हे चालू, ते बंद. मग एक हुकूम सोडायचा. प्रोग्राम ती फाइल वाचतो आणि आजूबाजूला बघतो. जे कमी असेल ते घडवतो. जे जास्त असेल ते मोडतो. आणि आपण काय काय घडवलं ते सगळं स्वतःच्या आठवणीत ठेवतो.

"लिहिलंय तसं होईपर्यंत तो थांबतच नाही मामा," सुमित मोठ्या कौतुकाने सांगत होता.

माझ्या मनात आलं, राखणदाराचं सोंग कुणी आणत नाही रे बाळा. पण बोललो नाही. पोरगं आनंदात होतं.

त्यांच्या लॅबचा एक नियम होता. मशीनला नाव द्यायचं ते स्टेशनचं. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, असं. माणसाचं नाव द्यायचं नाही. हा नियम हेमांगीचा, म्हणजे त्याच्या वरच्या बाईंचा. त्या म्हणायच्या, माणूस नोकरी सोडून जातो, नाव मागे राहतं, आणि मग ते मशीन मोडायला कुणाचा हात होत नाही.

साधी गोष्ट होती. पण घाईत माणूस काय करतो?

नवीन पेन घेतलं की आपण कागदावर काय लिहून बघतो?

आपलंच नाव.

सोमवारी नवीन मुलांची तुकडी येणार होती. लॅबमध्ये सुमित एकटाच. खोलीला खिडकी नाही. एकच काचेचं दार, कार्ड टेकवलं की हिरवा ठिपका लागून उघडणारं. दिवे असे की माणूस हलत असला की लागलेले, नसला की आपोआप बंद. खाली फाटकावर वॉचमन शिवराम, बाकी इमारतीत चिटपाखरू नाही.

सहा मशीनं उभी राहिली. सगळी ठीक. फक्त बंद करायचा हुकूम तपासायचा राहिला होता. त्यासाठी एक सातवं हवं होतं, लगेच मोडून टाकण्यापुरतं. घड्याळात बारा वाजत आलेले. त्याने स्टेशनाचं नाव आठवत बसण्यापेक्षा सरळ टाइप केलं...

सुमित.

हुकूम सोडला. सातवं मशीन घडलं. त्याने त्याच्या राखणदाराला विचारलं, सुमित चालू आहे का?

उत्तर आलं. चालू आहे.

त्याने हुकूम दिला. सुमितला बंद कर.

उत्तर आलं. बंद केलं.

आणि खोलीतले दिवे गेले.

तो हसला. स्वतःशीच म्हणाला, मी फार वेळ हललो नसेन. हात वर करून हलवला. रोज करतात तसं.

दिवे लागले नाहीत.

उभा राहिला. दोन्ही हात हलवले. खोलीत इकडून तिकडे चालून पाहिलं.

अंधारच. फक्त कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड, तोही समोरच्या टेबलापुरता.

बाहेरच्या बोळात मात्र दिवा होता. काचेतून दिसत होता. म्हणजे वीज होती.

खोलीला तो दिसत नव्हता, एवढंच.

त्याने बॅग उचलली. जाऊ दे, निघूया. दाराला कार्ड टेकवलं. हिरवा ठिपका नाही. लालही नाही. नकार द्यायलासुद्धा समोर कुणी असावं लागतं ना? दाराने नकारही दिला नाही. बाजूला आतून दार उघडायचं बटण होतं. दाबलं. पुन्हा दाबलं. ते नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं.

तेव्हा त्याने फोन काढला. फोन रोज चेहरा बघून उघडायचा. आज त्याने चेहरा ओळखला नाही. आकडे दाबून उघडावा लागला. त्याने शिवरामला फोन लावला.

रिंग गेली. शिवरामने उचलला.

"हॅलो?"

शिवराम, मी लॅबमध्ये अडकलोय, वर ये, असं सुमित स्पष्ट बोलला. दोनदा बोलला.

"हॅलो... हॅलो... कोण आहे?"

मग शिवरामने फोन कानापासून थोडा लांब धरला असावा. कारण पुढचं तो फोनमध्ये बोलला नाही. जवळ उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलला.

"साहेब, तुमचाच नंबर दिसतोय बघा."

आणि मग दुसरा आवाज आला.

"राहू दे रे. खिशात दाबला गेला असेल."

तो आवाज सुमितचा होता.

आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की परका वाटतो. सुमित मला म्हणाला, मामा, हा परका नाही वाटला. मी बोलताना मला आतून जसा ऐकू येतो, तसाच होता.

मग फोनमधून रिक्षा थांबल्याचा आवाज. स्टेशन, असं तो आवाज म्हणाला. रिक्षा निघून गेली.

शिवरामने फोन ठेवला.

सुमितने खुर्ची उचलून काचेवर मारली. काच थरथरली, फुटली नाही. पुन्हा मारली. कुणी आलं नाही. येणार तरी कोण?

त्या खोलीत एकच गोष्ट अजून त्याचं ऐकत होती. कीबोर्ड.

तो खुर्चीवर बसला आणि राखणदाराला विचारलं, सुमित चालू आहे का?

चालू आहे.

आत्ताच तर बंद केला होता. चालू कुणी केला?

त्याला वाटलं, कोडमध्ये चूक आहे. बिचारा, त्याला दुसरं काय वाटणार? त्याने पुन्हा हुकूम दिला. बंद कर.

बंद केलं.

आणि एसीची घरघर थांबली. मोठ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज थांबला. पंखे फिरताना दिसत होते, त्यांच्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. नुसता आवाज गेला. त्याने विचारलं, सुमित चालू आहे का?

चालू आहे.

तिसऱ्यांदा... बंद कर.

बंद केलं.

या वेळी काय गेलं ते त्याला लगेच कळलं नाही. सगळं होतं तसंच होतं. मग त्याने घसा खाकरला, आणि खाकरणं ऐकू आलं नाही. त्याने टाळी वाजवली.

तळहात तळहातावर आपटले. चुरचुरले.

टाळी वाजली नाही.

मी आयुष्यभर टाळ्यांच्या गजरात उभा राहिलेला माणूस. हे सांगताना त्याने माझ्यासमोर तळहात तळहातावर आपटून दाखवले, तेव्हा ती टाळी वाजली का ते मी कान देऊन ऐकलं.

आणि तिथे, त्या मुक्या अंधारात, सुमितला समजलं. कोडमध्ये चूक नव्हती. बंद व्हायचा हुकूम त्याच्याकडे येत होता. चालू असल्याचं उत्तर दुसरा कुणीतरी देत होता.

त्याने हुकूम द्यायचं थांबवलं. फाइल उघडून स्वतःच्या नावापुढे लिहिलं, चालू. आणि प्रोग्रामला सांगितलं, आता लिहिलंय तसं कर.

प्रोग्रामने बघितलं. उत्तर दिलं.

बदलण्यासारखं काही नाही. सगळं लिहिल्याप्रमाणे आहे.

त्याचं खरंच होतं की. सुमित नावाचं जे काही होतं, ते चालूच होतं. ते या खोलीत नव्हतं एवढंच.

त्याने प्रीतीला मेसेज लिहिला. मी ऑफिसमध्ये अडकलोय. घरी कुणी आलं तर दार उघडू नको.

एक टिक.

पुन्हा लिहिला. एक टिक. फोन लावला, तो लागलाच नाही. हेमांगीला लिहिलं. एक टिक. मलाही लिहिलं होतं त्याने. तो मेसेज मला आजपर्यंत आलेला नाही.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. अंधारात, आवाजाशिवाय, वेळ कशाने मोजणार? तो पडद्यासमोर बसून राहिला. दुपार उलटत होती आणि ठाकुर्लीला ताट वाढलं जात होतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग फोन उजळला. आमच्या घरच्या ग्रुपवर प्रीतीने फोटो टाकला होता.

तो फोटो मलाही आला होता. अजून माझ्या फोनमध्ये आहे. ताटात वालाचं बिरडं, भात, पापड. मांडीवर संचिता. तिला घास भरवणारा हात सुमितचा, घड्याळ सुमितचं. मान खाली, त्यामुळे चेहरा दिसत नाही. खाली प्रीतीने लिहिलं होतं, 'आज बाबा वेळेवर.'

मी त्यावर अंगठा टाकला होता. हात जोडलेलेही टाकले होते.

सुमितने आपल्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथेच होतं.

तो म्हणतो, मामा, तोपर्यंत मला माझी भीती वाटत होती. फोटो बघितला आणि ती भीती गेली. दुसरीच आली.

आता एकच उरलं होतं. मोडून टाकायचं. त्याने फाइलमधून आपलं नाव पुसलं आणि प्रोग्रामला विचारलं, आता काय करशील? हुकूम अमलात आणण्याआधी काय होणार ते प्रोग्राम सांगतो.

त्याने सांगितलं. सुमित कायमचा नष्ट केला जाईल. परत आणता येणार नाही. खात्री असेल तर 'हो' लिहा.

सुमितने 'हो' लिहिलं. शेवटचं बटण दाबायला बोट उचललं...

आणि थांबला.

कुठला सुमित?

यादीत नाव एकच होतं. बंद करताना प्रत्येक हुकूम त्याच्यावरच आला होता. मोडायचा हुकूम तिकडे जाईल कशावरून? आणि समजा, तिकडेच गेला. तिकडे त्याच्या मांडीवर संचिता होती. भात खात होती. तिच्या डोळ्यांदेखत काय होणार होतं?

बोट तसंच अधांतरी.

मी त्याच्या जागी असतो तर हात जोडून बसलो असतो. पण देव कधी कुणाच्या तोंडून सुचवेल सांगता येत नाही. सुमितला हेमांगीचं शिकवणं आठवलं. एखादी वस्तू आपल्याला सांभाळायची नाही, पण मोडायचीही नाही, तर तिसरा रस्ता असतो. प्रोग्रामच्या आठवणीतून तिला काढायचं. वस्तू जिथे आहे तिथे राहते. आपला तिच्याशी संबंध संपतो.

मारायचं नाही. सोडून द्यायचं.

त्याने 'हो' पुसलं. तो दुसरा हुकूम लिहिला. विसर, सुमितला विसर.

बटण दाबलं.

विसरलो, असं उत्तर आलं.

आणि आवाज परत आला. एकदम, अंगावर कोसळल्यासारखा. एसी, पंखे, स्वतःचा श्वास. दिवे लागले. त्याने कार्ड टेकवलं. हिरवा ठिपका. टक्.

जिन्यावरून तो धावतच उतरला. फाटकावर शिवराम स्टुलावरून उठून बघत राहिला.

"साहेब, तुम्ही परत कधी आलात? मी तर इथून हाललो नाही."

सुमितने रिक्षाला हात केला.

ठाकुर्लीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. प्रीतीने दार उघडलं ते कपाळाला आठी घालूनच. दही आणायला एवढा वेळ? दही कुठेय? ताटावरून मधेच उठलास, आलोच म्हणालास, भात गार झाला. त्याने चपला काढल्या. आत जाऊन बसला. ताट तसंच झाकलेलं होतं, अर्धं जेवलेलं. त्याला त्यातला घास उचलवेना.

संचिता येऊन त्याला टेकली. रुसलेली होती.

"तू मगाशी म्हणालास ना, आता कध्धीच ऑफिसला जाणार नाही. मग कुठे गेलेलास?"

प्रीती आईकडे गेली नाही. तो महिना बरा गेला. पण रोज संध्याकाळी तो घरी आला की ती दारात त्याच्याकडे क्षणभर निरखून बघते. का बघते, ते तिचं तिलाही सांगता येत नाही. त्याने तिला काही सांगितलेलं नाही. मला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगणं भाग होतं.

सोमवारी हेमांगीला मात्र त्याला सांगावं लागलं. ती देवाधर्माची बाई नाही. तिने मोठा कॉम्प्युटर उघडून बघितला. सुमित नावाचं मशीन त्यात नव्हतं. राखणदारही नव्हता. पण त्या राखणदाराचा नेटवर्कवर जो पत्ता होता, त्यावर तिने सहज विचारून पाहिलं, चालू आहे का?

चालू आहे.

तिने मोठा कॉम्प्युटर बंद केला. वायर काढून हातात धरली. आपल्या लॅपटॉपवरून पुन्हा विचारलं.

चालू आहे.

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "तू सोडून दिलंस, सुमित. बंद नाही केलंस."

लॅब नंतर दुसऱ्या मजल्यावरून हलवली. तो पत्ता पुन्हा कुणी विचारला नाही.

इथवर सगळं सुमितचं. आता माझं.

पौष लागला. आमच्या डोंबिवलीच्या मारुतीच्या देवळात तीन दिवसांचं कीर्तन होतं. मी बुवांच्या मागे झांज घेऊन उभा. आम्हाला समोरचे सगळे श्रोते दिसतात. उत्तररंगातली कथा भरात आली होती. आणि मागच्या खांबाशी मला सुमित दिसला.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. लहानपणी बळेच आणून बसवला तर हा झोपायचा. आणि आज मांडी घालून बसला होता, डोळे बुवांवर, एखाद्या उपाशी माणसाने पंगतीकडे बघावं तसं बघत होता. मनात म्हटलं, एवढं भोगल्यावर पोर देवाकडे वळलं.

आरती झाली. गर्दीत तो माझ्यापर्यंत आला. वाकून पाया पडला. मी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, हातावर प्रसाद ठेवला. त्याने तो मुठीत घट्ट धरला. खाल्ला नाही.

"मामा," तो अगदी हळू म्हणाला, "मी घरी येऊ?"

"अरे, हे काय विचारणं? तुझंच घर आहे. कधीही ये."

तो हसला. गर्दीत पुढे गेला. मी झांजा पिशवीत घालेपर्यंत दिसेनासा झाला.

घरी येऊन मी आधी प्रीतीला फोन केला. म्हटलं, आज तुझा नवरा कीर्तनाला आला होता, धन्य झालो. ती हसली.

"मामा, तुम्हाला भास झाला. हा तर मघापासून इथे संचिताचा प्रोजेक्ट चिकटवत बसलाय. बोला त्याच्याशी."

सुमित फोनवर आला. मी जेवलास का एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

मी एकटा राहतो. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली. त्या रात्री दाराला दोन्ही कड्या लावल्या. पण मनात येत राहिलं, कडी लावून काय उपयोग? ये म्हणून मीच सांगितलं होतं.

बरेच दिवस काही झालं नाही.

संक्रांतीला सकाळी मी देवापुढे बसलो होतो. एक पद म्हणत होतो. दार बंद. मधेच बेल वाजली. एकदाच. म्हटलं, हे पद पुरं करून उठतो. उठलो, दार उघडलं, तर बाहेर कुणी नाही. कडीला तिळगुळाची पुडी अडकवलेली.

दुपारी सुमितचा फोन आला. आवाज बसलेला. मी म्हटलं, अरे, आला होतास तर थांबायचं ना थोडं.

तो म्हणाला, "थांबणार होतो, मामा. पण तुम्ही आत पद म्हणत होतात."

"मग?"

"तुमच्यामागे कुणीतरी ध्रुवपद धरत होतं."

मी मागे वळून देवघराकडे पाहिलं.

"माझा आवाज होता," सुमित म्हणाला.

त्या सकाळी घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला माझ्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

मी पद म्हणायचं सोडलेलं नाही. देवाचं नाव भीतीपोटी सोडायचं नसतं. फक्त आता ध्रुवपद म्हटलं की मी मधेच थांबतो. श्वास धरतो. कुणी मागे उचलतं का, ते ऐकतो.

अजून तरी मला काही ऐकू आलेलं नाही.

पण शेजारच्या दर्शनाताई काल जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, बरं झालं हो, भाचा परत राहायला आला. सकाळी दोघांचा आवाज किती छान जुळतो.